बगची तक्रार आल्यापासून ती मिटेपर्यंत: छाननी आणि दुरुस्तीची सविस्तर पद्धत

सॉफ्टवेअर लोकांच्या हातात गेले की बगच्या, म्हणजे त्यातल्या दोषांच्या, तक्रारी येऊ लागतात, आणि त्या येण्याचा वेग त्या मिटवण्याच्या वेगापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त असतो. त्यामुळे कोणती तक्रार आधी हाती घ्यायची, कोणाकडून आणखी माहिती मागवायची, कोणती तक्रार आधीच्या तक्रारीत मिसळायची आणि कोणती स्पष्टपणे नाकारायची, हे ठरवणे भाग असते. या छाननीला डेव्हलपर ट्रायाज म्हणतात. माझ्या मते हे काम प्रत्यक्ष दुरुस्तीपेक्षाही अधिक जबाबदारीचे आहे, कारण चुकीच्या समजुतीवर केलेली दुरुस्ती मूळ बग तसाच ठेवते आणि शेजारी दुसरा निर्माण करते. हे कसे घडते ते नेमके दिसावे म्हणून या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे.

समजा, शेतीविषयक योजनांची माहिती देणारे एक मराठी ॲप आहे आणि त्याच्या बग ट्रॅकरवर (तक्रारी नोंदवण्याच्या प्रणालीवर) अशी तक्रार आली आहे: "शोधपेटीत 'शेतकऱ्यांसाठी' असे टाकले तर एकही लेख सापडत नाही. मुख्य यादीत मात्र याच शब्दाचे कितीतरी लेख दिसतात." त्याखाली दुसऱ्या एका वापरकर्त्याने लिहिले आहे: "माझ्या फोनवर तर व्यवस्थित सापडतात."

तक्रार वाचताना

पहिला नियम असा की वापरकर्त्याने जे पाहिले ते खरे मानायचे आणि त्यामागचे जे कारण त्याने सुचवले असेल ते केवळ अंदाज मानायचे. "सर्व्हर बंद आहे", "नव्या अपडेटने बिघडवले", "फॉन्ट चुकीचा आहे" असे तर्क तक्रारीत हमखास असतात. ते टिपून ठेवावेत, पण त्यांच्या मागे लागू नये. वरच्या दोन वापरकर्त्यांची विधाने परस्परविरोधी दिसतात, म्हणून त्यांतले एक चुकीचे असावे असे वाटणे साहजिक आहे. तरीही दोन्ही खरी आहेत असे धरूनच पुढे जावे, कारण दोघांमधला फरक हाच या बगचा सर्वांत मोठा धागा आहे.

चांगल्या तक्रारीत चार गोष्टी असाव्या लागतात: सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, फोन किंवा संगणक आणि त्यावरील ऑपरेटिंग सिस्टिम, बग दिसेपर्यंतच्या क्रमवार कृती, आणि काय अपेक्षित होते व प्रत्यक्षात काय घडले. यांपैकी काही नसेल तर तक्रार बंद न करता माहिती मागवावी. लिबरऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या बगझिला या बग ट्रॅकरमध्ये यासाठी "नीडइन्फो" अशी स्वतंत्र स्थितीच ठेवलेली आहे. माहिती मागताना मात्र प्रश्न मोजके आणि उत्तर देता येईल असे असावेत. "सविस्तर माहिती द्या" असे लिहिले तर बहुतेक लोक परत येत नाहीत. "ॲपमधील 'आमच्याविषयी' या पानावर जो आवृत्ती क्रमांक दिसतो तो कळवाल का, आणि मराठी टाइप करण्यासाठी कोणता कीबोर्ड वापरता?" असे विचारले तर उत्तर मिळते.

आपल्या उदाहरणात कीबोर्डबद्दलचा हा प्रश्न निर्णायक ठरतो. त्याचबरोबर वापरकर्त्याकडून स्क्रीनशॉटऐवजी शोधपेटीतला शब्द कॉपी करून मजकूर फाइलमध्ये मागवावा. स्क्रीनशॉटमध्ये अक्षरांचे केवळ रूप दिसते. त्यामागे साठवलेली चिन्हे कोणती, हे त्यातून कळण्याचा मार्ग नाही. साध्या फॉर्ममध्ये चिकटवलेल्या मजकुरातून अदृश्य चिन्हे कधी कधी गळून पडतात, म्हणून फाइल जोडायला सांगणे अधिक खात्रीचे.

बग आपल्यासमोर घडवून आणणे

जोपर्यंत बग आपल्या यंत्रावर रिप्रोड्यूस होत नाही तोपर्यंत कोडला हात लावू नये. हा नियम कठोर वाटेल, पण त्यामागे साधे कारण आहे: जो बिघाड आपल्याला पाहता आला नाही तो गेला की नाही हेही आपल्याला पाहता येणार नाही. त्यासाठी वापरकर्त्याचीच आवृत्ती घ्यावी. आपल्या संगणकावरचा कालचा अर्धवट बदललेला कोड नव्हे. त्याच्याच क्रमाने त्याच कृती कराव्यात, आणि बग दिसला की एकेक गोष्ट काढून टाकत कृती कमीत कमी करत न्याव्यात.

इथे ते असे होईल. वापरकर्त्याच्या फाइलमधला शब्द शोधपेटीत चिकटवला तर काही सापडत नाही. तोच शब्द इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर स्वतः टाइप केला तर लेख सापडतात. दोन्ही शब्द पडद्यावर हुबेहूब सारखे आहेत. आता शब्द लहान करत जावे. "शेत" सापडते, "शेतकरी" सापडते, "शेतकऱ्या" सापडत नाही. म्हणजे बिघाड "ऱ्या"मध्ये आहे. दोन्ही शब्दांचे युनिकोड कोडपॉइंट, म्हणजे प्रत्येक चिन्हाला युनिकोड मानकाने दिलेले क्रमांक, एकाखाली एक छापून पाहिले की गोष्ट उघड होते. इन्स्क्रिप्टने टाइप केलेल्या शब्दात 'ऱ' हे ०९३१ क्रमांकाचे स्वतंत्र अक्षर आहे आणि त्यानंतर हलन्त व 'य' आहे. वापरकर्त्याच्या शब्दात ०९३० क्रमांकाचा साधा 'र', मग हलन्त, मग २००डी क्रमांकाचे, डोळ्यांना न दिसणारे झीरो विड्थ जॉइनर हे चिन्ह आणि त्यानंतर 'य' आहे.

या दोन्ही लेखनपद्धती युनिकोड मानकाला मान्य आहेत. दुसरी पद्धत मानकाच्या २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून टिकवलेली आहे, आणि काही ध्वन्यानुसारी कीबोर्ड आजही तीच वापरतात. म्हणजे वापरकर्त्याचे काही चुकलेले नाही, त्याच्या कीबोर्डचेही नाही. ॲपचा शोध दोन वैध लेखनांना वेगळे शब्द समजतो, हा बग आहे.

येथपर्यंत पोहोचल्यावर तक्रारीचे शीर्षक बदलावे. "शोध चालत नाही" याऐवजी "र, हलन्त व जॉइनर अशा क्रमाने लिहिलेला अर्धा ऱ असलेले शब्द शोधात सापडत नाहीत" असे लिहिले तर सहा महिन्यांनी तीच अडचण घेऊन येणाऱ्या माणसाला हे तिकीट, म्हणजे ट्रॅकरवरची ही नोंद, सापडेल. शीर्षक दुरुस्त करण्याचे काम अनेक जण टाळतात, ते टाळू नये.

काही बग मात्र प्रयत्न करूनही समोर येत नाहीत. अशा वेळी नेमके काय काय करून पाहिले, कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या यंत्रावर, हे तिकिटावर लिहून ठेवावे आणि लॉग (प्रोग्रामने स्वतः ठेवलेली घडामोडींची नोंद) मागवावा. बगझिलामध्ये "वर्क्स फॉर मी" असे सांगून तिकीट बंद करण्याची सोय आहे. ती वापरायची असेल तर हा तपशील दिल्यावरच वापरावी, कारण तपशिलाविना दिलेले ते उत्तर वापरकर्त्याला खोटे ठरवल्यासारखे वाटते.

एका तिकिटात एकच बग

लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्ये एकाच बगच्या अनेक तक्रारी येतात. "कऱ्हाड शोधले तर बाजारभाव येत नाहीत" आणि "तऱ्हा हा शब्द सापडत नाही" या तक्रारी वरवर वेगळ्या, पण मूळ एकच. त्यांना डुप्लिकेट म्हणून मुख्य तिकिटाला जोडावे. कोणते तिकीट मुख्य ठेवायचे हे तारखेवरून ठरवू नये. ज्यात सर्वांत स्वच्छ माहिती आहे ते ठेवावे. जोडलेल्या तक्रारींमधली उदाहरणे नंतर चाचण्यांसाठी उपयोगी पडतात, म्हणून बंद करण्यापूर्वी ती मुख्य तिकिटावर उतरवून घ्यावीत.

याउलट, एका तिकिटात दोन मागण्या असतील तर त्या फोडाव्यात. "कऱ्हाड" सापडत नाही असे सांगणारा वापरकर्ता पुढे असेही लिहील की "कराड" टाकले तरी तेच गाव सापडावे. ही मागणी रास्त आहे, पण हा बग नव्हे. पहिल्या प्रकरणात एकाच शब्दाची दोन संगणकीय लेखने आहेत, तर दुसऱ्यात माणसे दोन प्रकारे लिहितात असे गावाचे नाव आहे आणि त्यासाठी पर्यायी नावांची यादी लागेल. दोन्ही एकत्र ठेवली तर पहिले काम पूर्ण होऊनही तिकीट वर्षभर उघडे राहते. नवे तिकीट आपण स्वतः उघडून त्याचा दुवा वापरकर्त्याला द्यावा. ते काम त्याच्यावर टाकू नये.

गांभीर्य आणि प्राधान्य

हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, आणि त्यामुळे टीममध्ये विनाकारण वाद होतात. गांभीर्य म्हणजे सिव्हिरिटी हे बगमुळे होणाऱ्या नुकसानीचे माप आहे. प्राधान्य म्हणजे प्रायॉरिटी हा टीमने तो कधी हाती घ्यायचा याचा निर्णय आहे. गांभीर्य बगवरून ठरते. प्राधान्य ठरवताना हाताशी असलेली माणसे, पुढच्या रिलीजची तारीख आणि बगचा फटका किती जणांना बसतो हेही पाहावे लागते. सणाच्या शुभेच्छांच्या चित्रातली शुद्धलेखनाची चूक अगदी कमी गांभीर्याची, पण सण उद्यावर आला असेल तर तिचे प्राधान्य सर्वांत वर जाते.

मोझिलाने फायरफॉक्ससाठी गांभीर्याच्या एस१ ते एस४ अशा चार पायऱ्या ठेवल्या आहेत आणि प्राधान्याचे पी१ ते पी५ असे मोजमाप वेगळे आहे. डेबियन या लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पात सात पायऱ्या आहेत: क्रिटिकल, ग्रेव्ह, सिरीयस, इम्पॉर्टंट, नॉर्मल, मायनर आणि विशलिस्ट. त्यांतल्या पहिल्या तीन पायऱ्यांवरचे बग रिलीज अडवणारे मानले जातात. लहान टीमला इतक्या पायऱ्या लागत नाहीत. माझ्या मते तीन प्रश्न पुरतात. माहिती नष्ट होते का, किंवा चुकीची साठवली जाते का? मुख्य काम अडते का, आणि अडत असेल तर पर्यायी वाट आहे का? हा बग किती जणांना आणि किती वेळा भेटतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर "होय" असेल तर बाकीचे दोन विचारण्याचीही गरज नाही. बंद पडलेले ॲप पुन्हा सुरू करता येते, पण नष्ट झालेली माहिती बहुधा परत मिळत नाही.

आपल्या शोधाच्या बगमध्ये माहिती नष्ट होत नाही. पण "शेतकऱ्यांसाठी" हा अशा ॲपमध्ये सर्वाधिक शोधला जाईल असा शब्द आहे आणि विशिष्ट कीबोर्ड वापरणाऱ्या प्रत्येकाला हा बग प्रत्येक वेळी भेटणार आहे. शिवाय कोणताही एरर संदेश येत नाही, त्यामुळे योजनाच अस्तित्वात नाही असे समजून माणूस निघून जातो. म्हणून मी याला मध्यम गांभीर्य आणि वरचे प्राधान्य देईन.

सुरक्षेशी संबंधित तक्रार या रांगेत कधीही ठेवू नये. बगमुळे कोणाची खासगी माहिती बाहेर पडू शकते असे दिसताच ते तिकीट सार्वजनिक दृष्टीआड करावे, मोजक्या लोकांमध्ये दुरुस्ती तयार करावी आणि ती वापरकर्त्यांपर्यंत पोहोचल्यावरच तपशील उघड करावा. गूगलचा प्रोजेक्ट झीरो हा गट दोष कळवल्यावर साधारणपणे ९० दिवसांची मुदत देतो, यावरून अशा कामाला किती वेळ मिळतो याचा अंदाज यावा.

मूळ कुठे आहे ते शोधणे

बग आधीपासून होता की एखाद्या बदलामुळे आला, हा पुढचा प्रश्न. पूर्वी चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडली तर तिला रिग्रेशन म्हणतात आणि तिच्याकडे अधिक तातडीने पाहिले जाते. रिग्रेशन होऊ द्यायचे नाही, हा लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) विकासातला पहिला नियम मानला जातो.

रिग्रेशन शोधण्यासाठी गिट या, कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातली बायसेक्ट ही सोय अतिशय उपयुक्त आहे. ज्यात बग आहे असा एक कमिट (इतिहासातली एका बदलाची नोंद) आणि ज्यात तो नव्हता असा एक जुना कमिट सांगितला की गिट दोघांमधला मधला कमिट काढून देते. तो तपासून चांगला की वाईट एवढेच सांगायचे. दर वेळी उरलेला पल्ला निम्मा होतो, त्यामुळे सुमारे १००० कमिटमधून दोषी कमिट शोधायला साधारण १० तपासण्या लागतात. तपासणी स्क्रिप्टने करता येत असेल तर "बायसेक्ट रन" हा आदेश सगळे काम स्वतःच करतो. स्क्रिप्टने चांगल्या कमिटसाठी शून्य, वाईटासाठी एक आणि ज्या कमिटवर प्रोग्राम तयारच होत नाही त्यासाठी १२५ हा एक्झिट कोड (संपताना कळवला जाणारा अंक) परत करावा; १२५ दिसला की गिट तो कमिट वगळून पुढे जाते. ही शेवटची बारकाई माहीत नसल्यामुळे भलताच कमिट दोषी ठरू शकतो.

समजा, बायसेक्टने दाखवलेल्या कमिटमध्ये शोधाची जुनी लायब्ररी (तयार कोडचा संच) बदलून नवी आणली आहे. जुनी लायब्ररी तुलना करण्यापूर्वी शब्दांची लेखने एकसारखी करून घेत होती, नवी तसे करत नाही. आता मूळ कारण हाती आले. तो कमिट करणाऱ्या सहकाऱ्याचे नाव तिकिटावर आरोपासारखे लिहू नये. फक्त कमिटचा क्रमांक द्यावा आणि त्या सहकाऱ्याला चर्चेत घ्यावे, कारण तो बदल का केला हे त्यालाच सर्वांत चांगले माहीत असते.

दुरुस्ती: सोपा मार्ग का टाळायचा

पहिल्यांदा सुचणारा उपाय असा की शोधण्यापूर्वी मजकुरातले जॉइनर चिन्ह काढून टाकावे. एका ओळीचे काम आहे आणि ते चुकीचे आहे. जॉइनर गेला की 'र', हलन्त आणि 'य' एवढेच उरते आणि त्याचा रफार होतो. मग "आचाऱ्यास" आणि "आचार्यास" हे शब्द एकच ठरतात. स्वयंपाक करणारा आचारी आणि विद्यादान करणारे आचार्य यांत शोधाला फरक उरत नाही. "दऱ्या" शोधणाऱ्याला समुद्राचा "दर्या" दिसू लागतो. इतकेच नव्हे, तर "शेतकऱ्यांसाठी" तरीही सापडत नाही, कारण साठवलेल्या लेखांमध्ये ०९३१ हे अक्षर आहे आणि आता शोधपेटीत रफार झाला आहे.

दुसरा उपाय युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणीकरणाचा, म्हणजे समतुल्य लेखने एकाच रूपात आणण्याच्या पद्धतीचा. तो आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता (टिंब) असे लिहिलेले असेल तर एनएफसी त्याचा ०९३१ करून देते. जॉइनरचे लेखन मात्र ती जसेच्या तसे ठेवते, कारण मानकाने या दोन लेखनांना समतुल्य मानलेले नाही. म्हणून योग्य क्रम असा: आधी एनएफसी लावावे, त्यानंतर 'र', हलन्त व जॉइनर हा तिघांचा क्रम जिथे दिसेल तिथे ०९३१ आणि हलन्त ठेवावा, आणि इतरत्र जॉइनरला हात लावू नये. काही इमोजीही त्याच चिन्हाने जोडलेले असतात, त्यामुळे सरसकट काढण्याचे दुष्परिणाम मराठीपुरते राहत नाहीत.

कोड लिहिण्यापूर्वी चाचण्या लिहाव्यात आणि त्या नापास होताना पाहाव्यात. "शेतकऱ्यांसाठी" हा शब्द तिन्ही लेखनांत एकमेकांशी जुळला पाहिजे. डुप्लिकेट तक्रारींतून आलेले "कऱ्हाड" आणि "तऱ्हा" हेही जुळले पाहिजेत. "आचाऱ्यास" व "आचार्यास" जुळता कामा नयेत. ही नकाराची चाचणी सर्वांत मौल्यवान आहे, कारण उद्या कोणी तो एका ओळीचा सोपा उपाय करायला गेले तर तीच अडवेल.

दोन गोष्टी इथे सहज सुटतात. हे रूपांतर शोधशब्दावर आणि शोधसूचीवर, म्हणजे इंडेक्सवर, दोन्हीकडे व्हायला हवे. तसेच आधी तयार झालेला इंडेक्स नव्याने बांधावा लागतो. तो बांधला नाही तर नवे लेख सापडतील, जुने सापडणार नाहीत आणि तीच तक्रार अधिक गोंधळात टाकणाऱ्या रूपात परत येईल. लेखकाचा मूळ मजकूर मात्र बदलू नये.

दुरुस्तीचा पॅच, म्हणजे कोडमध्ये करायचा बदल, लहान ठेवावा. जवळपासचे अव्यवस्थित कोड आवरण्याचा मोह होतो, पण ते काम वेगळ्या कमिटमध्ये करावे. लिनक्सच्या स्टेबल आवृत्त्यांत घ्यायचा पॅच संदर्भाच्या ओळींसकट १०० ओळींपेक्षा मोठा नसावा असा लेखी नियम आहे, आणि कमिट संदेशात "फिक्सेस" या खुणेपुढे मूळ दोषी कमिटचा क्रमांक देण्याची प्रथा आहे. ही प्रथा कोणत्याही टीमने उचलावी. जुन्या आवृत्तीत दुरुस्ती न्यायची की नाही हे त्या एका ओळीवरून कळते: दोषी कमिट त्या आवृत्तीत असेल तर न्यायची.

रिव्ह्यू, रिलीज आणि तिकीट बंद करणे

रिव्ह्यू (दुसऱ्याने केलेल्या दुरुस्तीची तपासणी) करणाऱ्याने कोडच्या मांडणीआधी तिकीट वाचावे आणि स्वतः बग घडवून पाहावा. एक दुरुस्ती पुरेशी आहे असे समजून थांबल्याने काय होते याचे मोठे उदाहरण डिसेंबर २०२१ मध्ये जगाने पाहिले. जावाच्या लॉगफोरजे या लायब्ररीतला गंभीर सुरक्षादोष २.१५.० आवृत्तीत दुरुस्त केला गेला, परंतु काही रचनांमध्ये ती दुरुस्ती अपुरी ठरली म्हणून २.१६.० आली, आणि सेवा बंद पाडता येईल असा आणखी एक दोष दूर करण्यासाठी २.१७.० काढावी लागली. हे सारे एकाच महिन्यात झाले. त्यामुळे रिव्ह्यूमध्ये "हा बग गेला का" यासोबत "याच जातीचा बग आणखी कुठे आहे का" हेही विचारावे. आपल्या ॲपमध्ये नावांची वर्णानुक्रमे यादी, टॅग आणि नोंदणीच्या वेळी आधीचे खाते शोधणारा भाग यांतही शब्दांची तुलना होत असणार. तिथेही तेच रूपांतर लावावे लागेल.

कोड मुख्य शाखेत गेला म्हणजे तिकीट मिटले असे नव्हे. दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत येणार आहे ते तिकिटावर लिहावे, आणि ती आवृत्ती बाहेर पडल्यावर तक्रार करणाऱ्याला त्याच्याच फोनवर, त्याच्याच कीबोर्डने तपासायला सांगावे. बगझिलामध्ये "रिझॉल्व्हड" आणि "व्हेरिफाइड" अशा दोन वेगळ्या स्थिती याचसाठी आहेत. जो बग दुरुस्त करायचा नाही असे ठरेल, त्याच्या तिकिटावर कारण स्पष्ट शब्दांत द्यावे आणि पर्यायी वाट असेल तर तीही सांगावी.

तक्रार करणारा परत येऊन "अजूनही सापडत नाही" असे म्हणाला, तर आधी त्याच्या फोनवरची आवृत्ती आणि सर्व्हरवरचा इंडेक्स नव्याने बांधला गेला आहे का हे तपासावे. त्याच शब्दाचे तेच लेखन अजूनही जुळत नसेल तर जुने तिकीट पुन्हा उघडावे. शब्द सापडतो आहे, पण निकालांचा क्रम चुकीचा आहे किंवा दुसऱ्याच जोडाक्षराची अडचण आहे, असे निघाले तर नवे तिकीट करून ते जुन्याला जोडावे आणि त्याची छाननी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी.